जुनं घर विकताना वर्षाची वॉरंटी लिहून द्यायची का?

शाहूपुरीवाला (९ मार्च, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज काम तसंच निघालं म्हणून धागा काढतोय.

साताऱ्यात शाहूपुरीत आमचं घर आहे. अण्णांनी २००१ साली बांधलेलं. खाली तीन खोल्या, वर दोन, मागं बोअर, पुढं पारिजात. अण्णा गेले, आई आता पुण्यात माझ्याकडं असते. बंद घराला वाळवी लागायची वाट बघण्यापेक्षा विकू या, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. गिऱ्हाईकही चांगलं मिळालं. कोरेगावकडचं निवृत्त शिक्षक जोडपं आहे. भाव ठरला, टोकन झालं, चहा-पोहे झाले.

परवा त्यांच्या मुलाचा अमेरिकेतून फोन आला. पोरगा अगदी नम्र. म्हणाला, "काका, एक वर्षाची होम वॉरंटी देणार ना तुम्ही?"

मला वाटलं फ्रिजबद्दल विचारतोय. (जुना फ्रिज आम्ही तिथंच ठेवून जाणार आहोत.) मग उलगडलं. गच्ची गळाली, मोटर जळाली, वायरिंग गेलं, कमोडची टाकी फुटली, वर्षभर जे होईल ते मी भरून द्यायचं. आणि तसं साठेखतात, म्हणजे खरेदीआधीच्या करारात, लिहायचं.

आपल्याकडं असं कुणी लिहून दिलंय का? कायद्यानं द्यावं लागतं का? नाही म्हणावं तर गिऱ्हाईक हातचं जाईल, हो म्हणावं तर पुढचं वर्षभर फोन वाजला की पोटात गोळा.

झणझणीत (९ मार्च, रात्री १०:३१)

कंदी पेढ्याच्या खोक्यावरसुद्धा थोड्याच दिवसांची तारीख असते. आणि तुम्ही पंचविशीला आलेल्या घराची वर्षाची वॉरंटी देताय. मोठं मन आहे बाबा.

व्यवहारी (९ मार्च, रात्री १०:५०)

अजिबात द्यायची नाही. साधा मजकूर घाला: "सदर मिळकत खरेदी घेणार यांनी समक्ष पाहून, खात्री करून, जशी आहे तशी खरेदी घेतली आहे." विषय संपला. पैसे हातात, किल्ल्या त्यांच्या हातात. विकताना माणसानं तोंड कमी आणि पेन जपून चालवावं.

ह्यूस्टनचा_कराडकर (१० मार्च, पहाटे ४:०५)

त्या पोराची बाजू थोडी मांडतो, कारण मीही इथं घर घेतलं तेव्हा वॉरंटीसकट घेतलं.

इथं होम वॉरंटी म्हणतात ती विकणाऱ्या माणसानं स्वतःच्या खिशातून द्यायची हमी नसते. हा गैरसमज त्या पोराचा तरी झालाय किंवा तुमचा तरी. ती तिसऱ्याच कंपनीकडून घेतलेली एक वर्षाची सेवा असते, आपल्याकडच्या एसीच्या वार्षिक देखभाल करारासारखी. विकणारा बऱ्याचदा गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून तिचे पैसे भरतो. एसी, हीटर, गीझर, नळकाम, वायरिंग, ओव्हन, डिशवॉशर असल्या चालत्या वस्तू त्यात येतात. पाया आणि भिंती येत नाहीत, छतही सहसा नाही. बिघाड झाला की फोन करायचा, कंपनी तिचा माणूस पाठवते, आणि प्रत्येक खेपेला त्या माणसाची फी तुम्ही वेगळी द्यायची.

माझा अनुभव ऐका. जुलै महिना, बाहेर ३८ डिग्री, एसी बंद. कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला, युनिट उघडून बघितलं आणि म्हणाला, "आधीच्या मालकानं देखभाल केलेली दिसत नाही, हे आमच्यात बसत नाही." फी घेऊन गेला. आधीपासूनचा दोष आणि देखभालीचा अभाव, हे दोन शब्द त्या करारात कुठं दडलेत ते आधी शोधायचं, हे मी तेव्हा शिकलो.

नव्या घराची गोष्ट वेगळी. बिल्डरकडून इथं सर्रास १-२-१० अशी वॉरंटी मिळते. कामातल्या दोषाला एक वर्ष, नळ-वायरिंग-एसीच्या यंत्रणेला दोन, मूळ सांगाड्याला दहा.

झणझणीत (१० मार्च, सकाळी ८:१५)

म्हणजे फी भरायची, माणूस येणार, बघणार, मान हलवणार आणि जाणार. हे तर आमच्या गल्लीतला वायरमन वॉरंटीशिवाय करतो.

गोडोलीकर (१० मार्च, सकाळी ९:४०)

पण रेरात पाच वर्षांची वॉरंटी असते ना? माझ्या फ्लॅटच्या करारात तसं कलम आहे. तेच तुमच्या घराला लागू होईल.

वकीलबाई (१० मार्च, दुपारी १:२०)

नाही लागू होणार. तीन वेगळ्या गोष्टी एका पातेल्यात शिजताहेत, जरा वेगळ्या करते.

रेरा म्हणजे २०१६ चा कायदा बिल्डरला बांधतो. कलम १४(३). ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सुविधांत दोष निघाला आणि तुम्ही तो कळवला, की बिल्डरनं तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई. अण्णा बिल्डर नव्हते आणि पाच वर्षं कधीच उलटली. म्हणजे तो दरवाजा बंद.

आता गोडोलीकर, तुमच्यासाठी. तुमची स्कीम रेरात नोंदलेली आहे का ते बघा. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणी सक्तीची नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांना जरासं कमी. सातारा-सांगलीत पाच गुंठ्यांत आठ फ्लॅट ही काय दुर्मीळ गोष्ट आहे का? तिथं १९६३ चा आपला महाराष्ट्राचा जुना फ्लॅटचा कायदा, ज्याला सगळे मोफा म्हणतात, त्याच्या कलम ७ मध्ये तीन वर्षं आहेत. शिवाय ग्राहक आयोग आहेच, पण तिथं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायला हवं.

राहिला जुन्या घराचा व्यवहार. वॉरंटी द्यावी असं कायदा म्हणत नाही. पण व्यवहारी म्हणतात तसं तोंड मिटून बसायलाही परवानगी देत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५. घरातला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही तो दिसणार नाही, तर विकणाऱ्यानं तो सांगितलाच पाहिजे. मुद्दाम लपवला आणि पुढं ते सिद्ध झालं, तर "जशी आहे तशी" या ओळीची ढाल फार पातळ निघते.

व्यवहारी (१० मार्च, दुपारी २:०५)

बाई, कायदा पुस्तकात. मी आजवर पाच मिळकती विकल्या, एकही कोर्टात गेली नाही.

अनघा_विश्रामबाग (१० मार्च, रात्री ९:३०)

व्यवहारी, तुमच्यासारख्याच कुणाकडून तरी मी सांगलीत फ्लॅट घेतला. त्याची कहाणी लिहिते, जरा मोठी आहे.

२०२२ ची गोष्ट. (आता मी विश्रामबागला राहते, का ते कळेलच.) तळमजला, नदीपासून बऱ्यापैकी लांब वाटावा असा. आत शिरलं की ताज्या रंगाचा वास. भिंती कशा लोण्यासारख्या, मोत्याच्या रंगाच्या. मी विचारलं, "इथं पाणी येतं का हो?" एजंट म्हणाला, "मॅडम, रस्त्यापर्यंत येतं, आत नाही." मालक शेजारीच उभे, एजंटाकडं बघून हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

राहायला गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात हॉलमधला एक प्लग चालेना. वायरमन आला, त्यानं बोर्डाची पट्टी उघडली. आत वाळलेला गाळ. बोटभर जाडीचा, भेगाळलेला, कोरड्या तळ्याच्या तळासारखा. त्यात एक छोटा शंख. वायरमननं तो काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "ताई, कृष्णामाई येऊन गेलीया."

मग एकेक दिसायला लागलं. किचनच्या ओट्याखालच्या कडप्प्याच्या मागं चिखलाची रेघ. बाथरूमच्या दाराची चौकट खालून दीड फूट मऊ. सगळ्या भिंतींना कमरेच्या वर रंग एक आणि खाली जरासा निराळा, कारण खालचं प्लास्टर नवीन होतं. शेजारच्या आजी शांतपणे म्हणाल्या, "एकोणीसला खिडकीपर्यंत होतं, एकवीसला ओट्यापर्यंत. तुम्हाला सांगितलं नाही व्हय?"

तो शंख माझ्याकडं अजून आहे.

कृष्णाकाठ (१० मार्च, रात्री १०:१०)

अनघाताई, शंख वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरी २०१९ ला आठ दिवस पाणी. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटाला धोक्याची पातळी, तवा ५७ च्या वर गेलतं. आमी पत्र्यावरनं बोटीत बसलो. म्हस शेजारच्या स्लॅबवर.

खरं सांगू का, सांगलीत घर घेताना वॉरंटी-फिरंटी काय मागू नका. फकस्त तीन साल विचारा: पाचला किती, एकोणीसला किती, एकवीसला किती. आणि मालकाला न्हाई विचारायचं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारायचं. त्याचा माल भिजलेला असतो, त्याला इंच न इंच पाठ असतंय.

ह्यूस्टनचा_कराडकर (११ मार्च, पहाटे ३:५०)

काय योगायोग बघा. २०१७ ला इथं हार्वे वादळात अर्धं ह्यूस्टन पाण्यात गेलं. त्यानंतर २०१९ पासून टेक्सासात घर विकणाऱ्याला छापील फॉर्मवर पुराबद्दल बरंच सविस्तर भरून द्यावं लागतं: घरात कधी पाणी शिरलं होतं का, घर पूररेषेत आहे का, पुराचा विमा आहे का, दावा केला होता का. इकडं तो फॉर्म वॉरंटीपेक्षा जास्त कामाचा आहे. सांगलीत तसा एक कागद सक्तीचा करा, निम्मे रंगारी बेकार होतील.

व्यवहारी (११ मार्च, सकाळी १०:००)

अनघाताईंच्या बाबतीत वाईट झालं, मान्य. पण माझ्या एकाही मिळकतीत पूर नव्हता. माझं म्हणणं एवढंच की न विचारलेलं कशाला सांगा.

अनघा_विश्रामबाग (११ मार्च, सकाळी १०:२२)

मी विचारलं होतं.

प्रीमियम (११ मार्च, दुपारी १२:४५)

विम्याच्या धंद्यात आहे म्हणून दोन शब्द. जाहिरात समजू नका, कंपनीचं नाव घेणार नाही.

लोक वॉरंटी आणि विमा एकच समजतात. घराच्या विम्याची एक प्रमाणित पॉलिसी आहे, भारत गृह रक्षा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती द्यावीच लागते. आग, वीज पडणं, भूकंप, पूर, दरड, टाकी किंवा पाइप फुटून होणारं नुकसान, हे त्यात आहे. घरातल्या सामानालाही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. रक्कम जागेच्या भावावर नाही, बांधकामाच्या खर्चावर धरतात, त्यामुळं हप्ता लोकांना वाटतो तेवढा नसतो. आपला भाग कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७ ज्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांना आठवतो, त्यांना भूकंप म्हणजे काय हे मी सांगायला नको.

पण हळूहळू येणारी ओल, झिजलेलं वायरिंग, म्हातारी मोटर, हे विम्यात नाही. विमा अचानक कोसळणाऱ्या संकटाला. आणि विकणाऱ्याची पॉलिसी घराबरोबर आपोआप तुमच्या नावावर येत नाही, हेही लक्षात ठेवा.

झणझणीत (११ मार्च, दुपारी १:००)

थोडक्यात: भिंत एका रात्रीत पडली तर पैसे, दहा वर्षं पडत राहिली तर नाही.

प्रीमियम (११ मार्च, दुपारी १:०४)

वाईट नाही, आमच्या ट्रेनिंगमध्ये वापरतो.

गोडोलीकर (११ मार्च, रात्री ८:३०)

वकीलबाई, बघितलं. स्कीम रेरात आहे, १४ फ्लॅट. पण अडचण वेगळी आहे. आमच्या बाथरूममधून खालच्यांच्या छतावर पाणी उतरतंय. ताबा घेऊन अडीच वर्षं झाली. बिल्डर म्हणतो, तुम्ही वेस्टर्न कमोड बदलून जागा हलवली, आता वॉरंटी रद्द. करार काढला, तर खरोखरच बारीक अक्षरात लिहिलंय की लेखी परवानगीशिवाय बाथरूम, संडास, स्वयंपाकघरातल्या पाइपात फेरफार केला आणि त्यामुळं गळती झाली तर हमी संपली.

खालचे काका रोज सकाळी बादली दाखवतात.

वकीलबाई (११ मार्च, रात्री ९:१५)

ते कलम बहुतेक करारांत असतं. पण गळती तुमच्या फेरफारामुळंच आहे का, हा मुद्दा आहे. नळकामाच्या माणसाकडून नाही, इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या, फोटोंसकट. मग बिल्डरला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, ईमेल आणि स्पीड पोस्टानं. तीस दिवस त्या पत्रापासून मोजता येतात. आणि दुरुस्ती घाईनं स्वतः करू नका, नाहीतर पुरावाच फोडून टाकाल.

जाता जाता, पाच वर्षं संपायच्या आत फ्लॅट विकलात, तर घेणाऱ्यालाही उरलेली मुदत मिळते. रेरात "अलॉटी"च्या, म्हणजे ज्याला फ्लॅट दिला त्याच्या, व्याख्येतच नंतर विकत घेणारा धरलेला आहे. फक्त घड्याळ पहिल्या ताब्यापासून चालतं, त्याच्या खरेदीपासून नाही.

मिरजवाली (११ मार्च, रात्री ९:४०)

वॉरंटीवरून आठवलं. आमच्या गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं तेव्हा ठेकेदारानं स्टँपपेपरवर दहा वर्षांची गॅरंटी लिहून दिली. सासूबाईंनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून देव्हाऱ्याच्या कप्प्यात ठेवला. दुसऱ्याच पावसाळ्यात टप टप. फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही.

कागद नीट वाचला तेव्हा मागच्या बाजूला अटी दिसल्या. गच्चीवर कुंड्या ठेवल्यास गॅरंटी रद्द. डिश लावल्यास रद्द. टाकी हलवल्यास रद्द. एक अट हातानं वाढवलेली होती: "वाळवण घालू नये." मिरजेत उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालायचं नाही तर गच्ची कशाला बांधायची?

झणझणीत (११ मार्च, रात्री ९:४४)

कुरडयांनी स्लॅब फुटतो हे सिव्हिलच्या अभ्यासक्रमात घ्यायला हवं.

मिरजवाली (११ मार्च, रात्री ९:५१)

हसा. माझ्या सासूबाई अजूनही म्हणतात, आपण सांडगे घातले म्हणून तो आला नाही.

ओळंबा (१२ मार्च, सकाळी ७:००)

बांधकामात ३० वर्षं गेली, आता फक्त बघायला जातो. शाहूपुरीवाले, तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो, बाकीचे गच्चीवर वाळत पडलेत.

वॉरंटी देऊ नका, तपासणी द्या. त्या गुरुजींना म्हणा, तुमचा माणूस आणा, दोन दिवस घर त्याच्या ताब्यात. त्यानं काय बघावं ते सांगतो.

गच्चीच्या पन्हाळी बोळ्यानं बंद करून चार बोटं पाणी साठवायचं आणि ४८ तास ठेवायचं. खालच्या खोलीत खडूनं छताचे कोपरे खुणा करून ठेवायचे. ओल आली तर खडूची रेघ पुसट होते, डोळ्याला दिसायच्या आधी. बाथरूममध्येही तसंच, नाणीट्रॅप (फरशीतली पाणी जायची जागा) बंद करून. कारण खरा चोर बहुतेकदा तिथंच असतो, फरशीखालच्या कोब्यात आणि ट्रॅपच्या सांध्यात. गच्ची बिचारी उगीच बदनाम.

फरशीवर नाणं वाजवत चालायचं. पोकळ आवाज आला तिथं खाली माल नाही.

भेगा. प्लास्टरची जाळीसारखी भेग म्हणजे सुरकुती, तिला घाबरू नये. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि एका टोकाला रुंद होत गेलेली भेग मात्र बघायची. तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर पट्टा मारून तारीख टाकायची. पट्टा फुटला तर घर अजून हलतंय. सांगलीकडच्या काळ्या मातीत हे फार. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया वर-खाली घेते. शाहूपुरीत तुम्हाला मुरूम लागला असेल, तुम्ही नशीबवान.

आणि एक. सळई गंजून स्लॅबचा खालचा थर सुटला असेल तर हातोडीनं ठोकल्यावर मातीच्या मडक्यासारखा आवाज येतो. तो आला तर भावाची बोलणी पुन्हा करावी लागतील, वॉरंटीची नाही.

शाहूपुरीवाला (१२ मार्च, रात्री ११:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. अनघाताईंचा शंख डोक्यातून जात नाहीये.

खरं सांगतो, व्यवहारींचा सल्ला मला पहिल्या दिवशी पटला होता. कारण मला माहीत असलेले दोष होते. वरच्या खोलीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात मोठ्या पावसात ओल येते. बोअरला मे महिन्यात पाणी तुटतं. जिन्याखालच्या दिव्याचं बटन जिन्याखाली नाही, ते वेगळंच प्रकरण आहे. हे सगळं मी सांगायचं की नाही, हा माझा खरा प्रश्न होता. वॉरंटीचा प्रश्न विचारला, कारण तो विचारायला सोपा होता.

आज आईशी बोललो. ती म्हणाली, "अण्णांची वही बघ." कपाटात होती. शंभर पानी, निळ्या रेघांची, वर "घर" एवढंच लिहिलेलं. पहिल्या पानावर पायाचा खर्च, सिमेंटच्या पोत्यांचा भाव. मधे पाइपलाइनचं चित्र, पट्टीनं आखलेलं, कुठं भिंतीच्या आत वळते तिथं बाण, आणि बाजूला "इथे खिळा मारू नये". वायरिंगचा रंग कुठला कुठं जातो ते. २००५ ला त्या उत्तरेच्या कोपऱ्यात ओल आली ती तारीख, २००६ ला केलेला कोबा, २०१४ ला पुन्हा केलेला, दोन्ही वेळचा खर्च. शेवटच्या पानांवर मोटर किती वेळा भरून आणली त्याची यादी. कुठंही तक्रार नाही, नुसत्या नोंदी.

ओळंबा (१३ मार्च, सकाळी ६:४०)

ही वही घरापेक्षा महाग आहे. मी ३० वर्षांत असल्या वह्या दोन पाहिल्या.

वकीलबाई (१३ मार्च, सकाळी ११:००)

वहीची झेरॉक्स काढा, साठेखताला जोडा, दोघांच्या सह्या घ्या. "खालील दोष विक्री देणार यांनी सांगितले व खरेदी घेणार यांनी समजून घेतले." कलम ५५ ची बाजू तुमच्याकडून पूर्ण. ज्यानं सांगितलं त्याच्यावर लपवल्याचा आरोप कसा येणार?

व्यवहारी (१३ मार्च, सकाळी ११:३०)

आणि भाव दोन लाखांनी खाली येणार. मग मला सांगा.

कृष्णाकाठ (१३ मार्च, दुपारी ४:००)

आमच्याकडं जुन्या लोकांत एक रीत हाय. घर घेतल्यावर पयला पावसाळा होईस्तवर सगळे पैसे द्यायचे न्हाईत. थोडं मागं ठेवायचं. पाऊस झाला, घर कोरडं राहिलं, की दसऱ्याला हिशेब पुरा. वर्षाची वॉरंटी मागणाऱ्या पोराला सांगा, आमच्याकडं वॉरंटी पावसाळ्यात मोजत्यात, महिन्यात न्हाई.

गोडोलीकर (१३ मार्च, सायंकाळी ६:१५)

हे भारी आहे. पण बँकेचं कर्ज असेल तर बँक सगळा चेक खरेदीखताच्या दिवशीच देते, मग मागं काय ठेवणार?

वकीलबाई (१३ मार्च, रात्री ८:००)

मग उलटं करायचं. विकणाऱ्यानं ठरलेल्या रकमेचा पुढच्या तारखेचा चेक घेणाऱ्याकडं द्यायचा. कशासाठी, किती, कोणत्या कामाला आणि कधीपर्यंत, हे साठेखतात स्पष्ट लिहायचं. चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो, म्हणून तारीख विचारानं टाका. आणि रकमेला मर्यादा घाला, "होईल तो खर्च" असं कधीही लिहू नका. ती ओळ लिहून रडत आलेले अशील मी पाहिलेत.

शाहूपुरीवाला (६ एप्रिल, रात्री १०:००)

झालं एकदाचं. काय ठरलं ते लिहितो.

गुरुजी स्वतः आले, सोबत त्यांचा एक इंजिनिअर विद्यार्थी. गच्चीवर पाणी साठवलं, खडूच्या रेघा मारल्या. (ओळंबाजी, त्या विद्यार्थ्याला ही युक्ती माहीत नव्हती, लगेच वहीत लिहून घेतली.) उत्तर कोपऱ्यात दुसऱ्या दिवशी रेघ पुसट झाली. बाकी कोरडं.

मी वही दाखवली. गुरुजी दोन तास वाचत बसले. पाइपलाइनच्या चित्राशी आले तेव्हा चष्मा काढून पुसला. म्हणाले, "अक्षर बघा." त्यानंतर भावाचा विषय त्यांनी काढला नाही. व्यवहारी, दोन लाख नाही, शून्य रुपये कमी झाले. हे सगळीकडं असंच होईल असं मी म्हणत नाही.

त्यांच्या मुलाशी व्हिडिओ कॉल झाला. ह्यूस्टनकरांनी लिहिलेलं त्याला सांगितलं, तेव्हा हसून म्हणाला, "काका, मलाही इथल्या कंपनीनं एकदा असंच परत पाठवलंय." मग कृष्णाकाठची पावसाळ्याची रीत सांगितली. ती त्याला एकदम पटली.

तर असं: त्या कोपऱ्याचं वॉटरप्रूफिंग मी माझ्या खर्चानं केलं. १५ ऑक्टोबरचा ५० हजारांचा चेक गुरुजींकडं दिलाय. तोवर त्याच कोपऱ्यात ओल आली तर दुरुस्ती त्यातून, नाही आली तर चेक फाडायचा. मोटर, नळ, गीझर, फ्रिज यांची जबाबदारी ताब्यानंतर त्यांची. वहीची झेरॉक्स मी ठेवली, मूळ वही त्यांना दिली. आई म्हणाली, घर जिथं, वही तिथं.

झणझणीत (६ एप्रिल, रात्री १०:०५)

फ्रिजची वॉरंटी नाही दिली, शेवटी सातारकरच.

अनघा_विश्रामबाग (६ एप्रिल, रात्री १०:४०)

वाचून बरं वाटलं. माझ्या घराला अशी वही असती तर त्यात तीन पूर सापडले असते आणि मी ते घर घेतलंच नसतं.

व्यवहारी (७ एप्रिल, सकाळी ९:००)

एक माणूस चांगला भेटला म्हणजे नियम बदलत नाही. पण अभिनंदन.

गोडोलीकर (२ जून, रात्री ९:१०)

माझंही कळवतो. इंजिनिअरचा अहवाल आला. गळती कमोडजवळ नाहीच, नाणीट्रॅपच्या मूळ सांध्यात आहे. स्पीड पोस्टानं पत्र पाठवल्यावर बाविसाव्या दिवशी बिल्डरची माणसं आली, फरशी फोडली, सांधा नवीन केला. फरशीचा रंग जुळला नाही, पण खालच्या काकांची बादली आता त्यांच्या बाथरूममध्ये आहे.

ओळंबा (२ जून, रात्री ९:३०)

म्हटलं होतं, चोर तिथंच असतो.

कृष्णाकाठ (१९ जुलै, सकाळी ७:५०)

शाहूपुरीवाले, चार दिस झाले पाऊस हाटंना. इकडं सगळे पुलाची पातळी बघत बसल्यात. तुमच्याकडं काय?

शाहूपुरीवाला (१९ जुलै, सकाळी ९:२५)

काल रात्री साडेअकराला फोन वाजला. नाव बघितलं, गुरुजी. बाहेर धो धो पाऊस. हात गार पडला हो माझा. आई उठून बसली, "कोपरा ना रे?" म्हणाली.

उचलला. गुरुजी म्हणाले, "माफ करा, उशिरा फोन केला. कोपरा ठणठणीत आहे, आत्ताच हात लावून आलो. पण लाइट गेली होती, आता आलीय, आणि हिला जिन्याखालून मेणबत्त्या काढायच्यात. त्या दिव्याचं बटन कुठंय?"

मी म्हटलं, वहीत पान अठ्ठावीस बघा. पण मला पाठ आहे. देव्हाऱ्याच्या मागं.